मुलाचा युरोपीय पासपोर्ट, आईवडिलांचा व्हिसा: भेटीला जाणं वेगळं, राहायला जाणं वेगळं

पुण्याचं एखादं जोडपं आयटीच्या नोकरीनिमित्त जर्मनीत जातं, तिथे बरीच वर्षं काढतं. मुलगी तिथेच जन्मते आणि जन्मतःच जर्मन नागरिक होते. १ जानेवारी २००० पासून जर्मनीत तशी सोय आहे. आईवडिलांपैकी एकाचं तिथलं कायदेशीर वास्तव्य आठ वर्षांचं असावं (जून २०२४ च्या अखेरीपासून पाच) आणि त्याच्याकडे कायम वास्तव्याचा परवाना असावा, एवढीच अट. पुढे घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणा, इथल्या नोकरीसाठी म्हणा, कुटुंब परत येतं. मुलीकडे जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारतात राहू देणारं), आईवडिलांकडे भारतीय पासपोर्ट. त्यांचा जर्मनीचा कायम परवाना सहसा सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिल्यावर संपलेला असतो.

अशा घरांमध्ये दोन प्रश्न हमखास एकत्र येतात. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस जाऊन यायचं आहे, मुलीच्या पासपोर्टचा आम्हाला काही उपयोग? आणि दोन-तीन वर्षांनी तिच्या शिक्षणासाठी तिकडे राहायला जायचं ठरवलं, तर आम्हाला येऊ देतील का? बहुतेकांचा अंदाज असा, की पहिलं सोपं असणार आणि दुसरं जवळजवळ अशक्य. कायदा याच्या नेमका उलट आहे. भेटीच्या व्हिसात मुलीच्या नागरिकत्वाचं वजन फार थोडं. राहण्याच्या व्हिसात मात्र सगळी मदार त्याच्यावरच. हा फरक न समजल्यामुळे लोक एका कामाची कागदपत्रं दुसऱ्या कामाच्या फाइलमध्ये लावतात आणि नकार पदरात पडला की चक्रावून जातात.

आधी भेटीचं पाहू. हा नेहमीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, ‘सी’ प्रकारचा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. जून २०२४ पासून मोठ्यांना त्याचं शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निर्णयाला साधारण पंधरा दिवस, अडलं तर ४५ दिवसांपर्यंत लागतात. अल्पवयीन जर्मन मुलाच्या आईवडिलांना जर्मनी हे शुल्क माफ करते, तेवढी सवलत जरूर घ्या. पण शुल्क माफ झालं म्हणजे तपासणी माफ झाली असं नाही. अर्ज बाकी सगळ्यांसारखाच तपासला जातो.

मग ‘युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयांना फुकट आणि झटपट व्हिसा’ हे जे ऐकू येतं, ते काय? ते खोटं नाही. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या ३८ क्रमांकाच्या निर्देशात ती तरतूद आहे: कुटुंबीयांना व्हिसा विनाशुल्क आणि वेगाने द्यायचा. मात्र तिला दोन अटी आहेत, आणि आपलं पुण्याचं जोडपं दोन्हींवर अडखळतं. पहिली अट अशी, की तो युरोपीय नागरिक स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात जात किंवा राहत असला पाहिजे. जर्मन मुलगी जर्मनीलाच चालली असेल, तर हा निर्देश लागू होत नाही. दुसरी अट नात्याची. पती-पत्नी आणि २१ वर्षांखालची मुलं थेट कुटुंबीय धरली जातात. आईवडील मात्र त्या नागरिकावर अवलंबून असतील तरच. सात वर्षांच्या मुलीवर कोण अवलंबून असणार? ती आईवडिलांवर अवलंबून आहे. म्हणून ती पॅरिसला निघाली, तरी निर्देशाच्या शब्दांत आईवडील बसत नाहीत.

मूल मोठं झालं की चित्र पालटतं, तेही सगळीकडे नाही. जर्मन नागरिकत्व घेतलेला मुलगा ॲमस्टरडॅममध्ये नोकरी करतोय आणि रत्नागिरीतल्या आईवडिलांचा खर्च खरोखर तोच चालवतोय, अशा वेळी त्याच्याकडे जाणारे आईवडील निर्देशाखाली येतात. दर महिन्याला बँकेतून पाठवलेले पैसे हा त्यांचा पुरावा. तोच मुलगा म्युनिकमध्ये असेल, तर तो स्वतःच्याच देशात आहे, आणि निर्देश बाजूला राहतो. मुलगा तोच, आईवडील तेच, फक्त शहर बदललं.

शेंगेनच्या अर्जात युरोपीय नागरिकाशी असलेलं नातं विचारणारा एक रकाना असतो. पती-पत्नी, अपत्य, नातवंड, आश्रित आईवडील-आजीआजोबा, इतर, असे पर्याय तिथे दिसतात. मुलगी जर्मन आहे म्हणून घाईत ‘अपत्य’ या चौकोनावर खूण करू नका; तिथे अर्जदार स्वतः त्या नागरिकाचं अपत्य आहे का, हे विचारलेलं असतं. ‘आश्रित’वरही खूण नको, कारण ते खरं नाही. ‘इतर’ निवडून नातं स्वच्छ लिहावं आणि मुलीचा जन्मदाखला जोडावा. एखाद्या वकिलातीने आपणहून सवलत दिली तर उत्तमच, पण ती गृहीत धरून तिकिटं काढू नयेत.

भेटीच्या फाइलला मुख्यतः एकच गोष्ट सिद्ध करायची असते: तुम्ही परत येणार. शेंगेनच्या नकारपत्रात मुदतीत परतण्याबद्दल शंका हे कारण छापीलच असतं, आणि ते वारंवार वापरलं जातं. इथे मुलीचा जर्मन पासपोर्ट तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो, हे आईवडिलांच्या लक्षात येत नाही. अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहा: मूल जर्मन, आईवडील आधी तिथे राहिलेले, भाषा थोडीफार येणारी, ओळखीपाळखी असलेले. हे लोक तिथेच राहून जातील अशी शंका येणं साहजिक आहे. म्हणून मुलीच्या शाळेचं बोनाफाईड, सुट्टी कधी संपते ते दाखवणारं पत्र, दोघांच्या नोकरीतल्या रजामंजुरीची पत्रं, आयकर विवरणपत्रं, घराचे कागद, मुलीचं ओसीआय कार्ड, हे सगळं लावावं. तिचं आयुष्य सध्या पुण्यात आहे, हे फाइल उघडताच दिसलं पाहिजे. एकच पालक मुलीला घेऊन निघाला असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं.

भारतात राहणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते अशा कुटुंबांनी तीच धरावी. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीय अर्जदारांसाठी नवे नियम मान्य केले. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर, पाच वर्षांचा. सुट्ट्यांपुरतं जायचं असेल, तर मुलीच्या नागरिकत्वाचा दाखला देत बसण्यापेक्षा स्वतःचा स्वच्छ प्रवास-इतिहास जास्त कामाला येतो.

आता राहायला जाण्याकडे वळू. इथला पाया मुलीच्या हक्काचा आहे. जर्मनीच्या निवास कायद्याचं २८ वं कलम सांगतं, की अल्पवयीन, अविवाहित जर्मन मुलाचं वास्तव्य जर्मनीत असेल, तर त्याचा सांभाळ करण्यासाठी त्याच्या परदेशी आईवडिलांना निवास परवाना द्यायचा आहे. उत्पन्न पुरेसं आहे का, ही एरवी बहुतेकांना नडणारी अट या आईवडिलांच्या आड येत नाही. पती-पत्नीला बोलावताना जी प्राथमिक जर्मन भाषेची अट सहसा असते, तीही इथे नाही. परवाना मिळाल्यावर नोकरी करता येते. पुढे साधारण तीन वर्षांनी, भाषा आणि इतर अटी पुऱ्या केल्या की, कायम परवान्याचा मार्ग खुला होतो. ज्या आईवडिलांना हे माहीत नसतं, ते ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यासाठी, नोकरी शोधत वर्षं घालवतात, हे पाहून वाईट वाटतं.

यासाठी अर्ज ‘डी’ प्रकारच्या राष्ट्रीय व्हिसाचा करायचा, आणि कारण लिहायचं जर्मन मुलाबरोबर कुटुंब म्हणून राहणं. या फाइलचं काम भेटीच्या फाइलच्या बरोबर उलटं. मुलगी खरंच तिकडे राहायला चालली आहे आणि तिचा रोजचा सांभाळ तुम्हीच करता, हे इथे दाखवायचं. तिथल्या शाळेतला प्रवेश किंवा त्यासाठीचा पत्रव्यवहार, घराचा करार, मुलीचा जन्मदाखला, पालकत्वाचे कागद. घटस्फोट झाला असेल तर ताब्याबाबतचा न्यायालयाचा आदेश सगळ्यात महत्त्वाचा. पुण्यातल्या शाळेचं बोनाफाईड भेटीच्या फाइलमध्ये तुम्हाला तारून नेतं. इथे मात्र त्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला कामाचा.

जर्मनीत हे देशाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. इतरत्र बराचसा आधार युरोपीय न्यायालयाच्या निकालांचा आहे. ऑक्टोबर २००४ मधलं झू आणि चेन प्रकरण असं: बेलफास्टमध्ये जन्मल्यामुळे आयरिश नागरिक झालेली चिमुकली मुलगी आणि तिची चिनी आई वेल्समध्ये राहत होत्या; ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होतं. आई मुलीवर अवलंबून नाही, म्हणून निर्देशातली कुटुंबीय नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. पण सांभाळणाऱ्या आईला राहू दिलं नाही तर बाळाच्या हक्काला काय अर्थ उरतो, असं म्हणून आईचा राहण्याचा हक्क त्याने उचलून धरला; अट इतकीच, की विमा आणि पुरेसं उत्पन्न हवं. हा आधार मूल स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात राहत असताना लागतो, म्हणजे आपली जर्मन मुलगी आईवडिलांबरोबर नेदरलँड्समध्ये राहायला गेली तर.

मार्च २०११ चं रुइस साम्ब्रानो प्रकरण मुलाच्या स्वतःच्या देशाचं आहे. बेल्जियमचं नागरिकत्व असलेल्या दोन मुलांच्या कोलंबियन वडिलांना घालवून दिलं, तर मुलांनाही युरोपीय संघ सोडावा लागेल, म्हणून वडिलांना तिथे राहू देणं आणि कामाचा परवाना देणं भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. आपल्याकडच्या वाचकांना त्याहून जवळचा निकाल जून २०२३ चा. त्यात डच मुलगा थायलंडमध्येच वाढला होता, युरोपात कधी राहिलाच नव्हता. तरीही तो आपल्या थाई आईबरोबर तिथे राहायला जाणार असेल आणि तिच्यावर खरोखर अवलंबून असेल, तर तेवढ्या एका कारणाने आईचा हक्क नाकारता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मूल आजवर भारतातच राहिलं म्हणून सगळं संपलं, असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. यातला कोणताही हक्क सुट्टीच्या व्हिसासाठी दाखवता येत नाही.

एक मोह मात्र टाळाच. भेटीच्या व्हिसावर जायचं आणि तिथे उतरल्यावर राहण्याचा अर्ज टाकायचा, असा सल्ला सर्रास मिळतो. राहायचं आधीच ठरलेलं असताना अर्जात पर्यटन लिहिणं म्हणजे प्रवासाच्या हेतूबद्दल खोटं सांगणं. योग्य व्हिसा घेऊन न आल्याच्या कारणावरून तिथलं कार्यालय परत पाठवू शकतं आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली राहते. ज्यांना सरळ दारातून जायचा हक्क आहे, त्यांनी हा धोका पत्करण्याचं काहीच कारण नाही.

गोव्यातली गोष्ट जराशी निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांचे वंशज लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतात. बऱ्याच घरांत नवरा आणि मुलं पोर्तुगीज, बायको भारतीय, असं होतं. अशा बायकोने मुलांची आई म्हणून नाही, तर पोर्तुगीज नागरिकाची पत्नी म्हणून अर्ज करावा. पत्नी ही निर्देशातली थेट कुटुंबीय. नवऱ्याबरोबर पॅरिसला किंवा बर्लिनला जाताना विनाशुल्क, वेगवान व्हिसा हा तिचा हक्क आहे, आणि त्यासाठी लग्नाचा दाखला आणि नवऱ्याचा पासपोर्ट हे मुख्य कागद. लिस्बनला जाताना मात्र पोर्तुगालचा स्वतःचा कायदा पाहावा लागतो. ब्रिटन आता या सगळ्याच्या बाहेर आहे. तिथे मुक्त संचाराचे नियम ३१ डिसेंबर २०२० ला संपले, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टवर तिथल्या स्विंडन शहरात गेलेल्या नातेवाइकांनी त्याआधी जे केलं, ते आज करता येणार नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. तिथे जायला त्यांचा स्वतंत्र व्हिसा लागतो, मुलाचा पासपोर्ट कोणताही असला तरी.