एक्झोराची पानं पिवळी पडली? आधी युरिया थांबवा

आमच्या रोपवाटिकेतून मिनी एक्झोरा, म्हणजे फुलांच्या गुच्छांचं बुटकं झुडूप, नेलेल्यांचा काही महिन्यांनी हमखास फोन येतो, "पानं पिवळी पडली हो, पाणी तर रोज घालतोय." मागोमाग फोटो. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार.

शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून चढतो. हा फरक न बघता लोक युरिया टाकतात, पाणी वाढवतात. काळ्या मातीत मुळं कुजतात आणि मग रोप बदलून मागायला येतात. ते आम्ही देत नाही, राग मानू नका.

एक्झोराला थोडी आम्लधर्मी माती लागते. आपली सोलापूरची काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं पाणी जड. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. डाळिंबवाल्यांना हे सांगावं लागत नाही. घरी बघायचं तर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की चुना भरपूर. जोत्यालगत, बांधकामाचा राडारोडा पुरलेल्या जागी तर लावूच नका.

हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आपल्या मातीत टाकणं म्हणजे पैसे पुरणं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा. मातीतून द्यायचं तर पाकिटावर 'ईडीडीएचए' वाचून चिलेटेड, म्हणजे चुन्याने अडू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह घ्या. 'ईडीटीए' स्वस्त पडतं, पण आपल्या मातीत टिकत नाही.

जमिनीत लावताना खड्ड्यात नुसती लाल माती भरली तर भोवतीची काळी माती पाणी कोंडते. वाफा फूटभर उंच करा. आमचं लाल माती, कोकोपीट, शेणखताचं मिश्रण दोन पैसे महाग आहे खरं, पण त्यात चुनखड नाही. पाणी वरची माती सुकल्यावरच, जमलं तर पावसाचं साठवलेलं.

फुलं शेंड्यालाच येतात. माळी दर आठवड्याला कात्री फिरवत असेल तर कळ्याच कापल्या जातात. बहर ओसरल्यावर छाटा. ऊन चार-पाच तास हवंच, फक्त एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीची झळ टाळा.

एवढं करायला वेळ नसेल तर बुटकी कण्हेर न्या. आपल्या मातीत ती कुरकुर करत नाही, आणि आमच्याकडे गुलाबी-पांढरी दोन्ही आहे. मात्र कण्हेर विषारी. घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर एक्झोराच, मोठ्या कुंडीत.