संगणकी प्रतिस्पर्ध्याचा नेम

व्हिडिओ गेममध्ये संगणकाच्या ताब्यातील पात्राने तोफगोळा, बाण किंवा हातबॉम्ब कोणत्या कोनात, किती वेगाने सोडला असता तो लक्ष्यावर पडेल, हे ठरविण्याची रीत. अशा पात्राला खेळणारे ‘बॉट’ म्हणतात.

हवेचा विरोध सोडून दिला, तर गोळ्याचा मार्ग अन्वस्त (पॅराबोला) असतो. सोडण्याचा वेग ठरलेला असल्यास कोन काढण्याचा प्रश्न एका वर्गसमीकरणावर येतो आणि दहावीतला विवेचक इथे नेमका कामी येतो. तो ऋण आला तर लक्ष्य पल्ल्याबाहेर, शून्य आला तर जेमतेम पल्ल्यात, धन आला तर कोन दोन. समजा, वेग सेकंदाला २० मीटर आहे आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले. सपाट जमिनीवर जास्तीत जास्त पल्ला ४० मीटर मिळतो. २० मीटरवरच्या शत्रूसाठी १५ अंशही चालतात आणि ७५ अंशही. पहिला गोळा सेकंदाभरात पोचतो, दुसऱ्याला जवळजवळ ३.९ सेकंद लागतात. मध्ये भिंत असली की उंच मार्ग घ्यावा लागतो, मोकळ्या रानात सखल मार्ग बरा. तेवढ्या वेळात शत्रू फार सरकत नाही.

शत्रू पळत असेल तर उड्डाणाचा वेळ काढायचा, तेवढ्या वेळात तो कुठे असेल ते पाहायचे, तिथे नेम धरून वेळ पुन्हा काढायचा. शत्रू गोळ्यापेक्षा बराच हळू असेल, तर तीन-चार फेऱ्यांत उत्तर स्थिरावते. अचूक सूत्राने जायचे तर चौथ्या घाताचे समीकरण सोडवावे लागते. बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. बॉट नेम धरतो पुस्तकातल्या सूत्राने, पण गेममधला गोळा सलग उडत नाही. तो फ्रेमगणिक, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रागणिक, पुढे ढकलला जातो. सेकंदाला ६० फ्रेम असतील आणि प्रत्येक फ्रेमला आधी वेग, मग जागा बदलत असेल, तर वरचा ७५ अंशांचा गोळा उतरेपर्यंत सुमारे ३२ सेंटिमीटर खाली आलेला असतो. सूत्र बरोबर, गणित बरोबर, आणि गोळा मात्र कठड्याला अडकतो. इलाज साधा आहे : गोळा ज्या पद्धतीने हलतो, तिचेच सूत्र बॉटला द्यावे.

वारा एकसारखा असेल तर तो आडवे त्वरण म्हणून हिशेबात धरता येतो. वेगाच्या वर्गाबरोबर वाढणारा हवेचा विरोध आला की मात्र सुटसुटीत सूत्र उरत नाही. मग मनातल्या मनात गोळे उडवून कोन थोडा-थोडा बदलत जावे लागते. वेंडेल हिकन यांच्या ‘स्कॉर्च्ड अर्थ’ (१९९१) या डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवरील रणगाड्यांच्या खेळात संगणकी खेळाडूंचे प्रकारच यावर बेतलेले होते : ‘मोरॉन’ वाटेल तिकडे गोळा मारी, तर ‘टॉसर’ आधीचा गोळा कुठे पडला ते पाहून पुढचा सुधारी. तोफखान्यातले गोलंदाजही असाच पल्ला बांधत.

अचूक बॉटशी खेळण्यात मजा नसते, म्हणून काढलेल्या कोनात मुद्दाम चूक मिसळतात. ती निव्वळ यादृच्छिक ठेवली तर बॉट वेंधळा वाटतो. त्यापेक्षा शत्रूचा वेग त्याला पाव सेकंद जुना द्यावा. सरळ धावणारा खेळाडू मग सापडतो आणि ऐनवेळी वळणारा निसटतो.