व्हर्च्युअल मशीनमध्ये हायकू ओएस

हायकू ही बीओएस नावाच्या जुन्या सिस्टिमची ओपन सोर्स वारसदार. रोजच्या विंडोज किंवा लिनक्सला अजिबात धक्का न लावता ती वापरून बघायची असेल तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्स, क्यूईएमयू किंवा व्हीएमवेअर या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी कशातही ती चालते. लिनक्सचाच आणखी एक डिस्ट्रो (तयार संच) टाकून बघण्यापेक्षा हे प्रकरण खूप वेगळं आहे, कारण हायकूत लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही, तिचा कर्नल, फाइल सिस्टिम, विंडो सिस्टिम सगळं एकाच प्रोजेक्टचं आहे, आणि एका खिडकीत पूर्णपणे दुसऱ्या विचाराचा कॉम्प्युटर बघायला मिळतो हीच तिची खरी गंमत.

मागचा इतिहास थोडा सांगायला हवा. ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी 1990 मध्ये बी इंक. ही बीओएस बनवणारी कंपनी काढली. 1995 मध्ये तिचा बीबॉक्स हा कॉम्प्युटर आला, त्यात दोन पॉवरपीसी प्रोसेसर होते आणि सिस्टिम पहिल्यापासूनच अनेक प्रोसेसरवर काम वाटून घेण्यासाठी लिहिलेली. 1996 मध्ये ॲपल नवीन ओएस शोधत होती तेव्हा बीओएसचं नाव जोरात होतं, पण ॲपलने शेवटी स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट ही कंपनी घेतली. मग बीओएस इंटेलच्या मशीनवर आली, आणि 2000 मध्ये तिची फुकट पर्सनल एडिशन निघाली, जी विंडोजच्याच पार्टिशनमध्ये साधारण 500 एमबीच्या एका फाइलमध्ये राहायची. ते व्हर्च्युअल मशीन नव्हतं, सिस्टिम थेट हार्डवेअरवरच बूट व्हायची, पण वेगळी ओएस एका फाइलमध्ये ठेवून बघता येते ही सोय लोकांना तेव्हाच मिळाली होती. 2001 मध्ये पाम या हातातले छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने बी इंक.ची मालमत्ता 1.1 कोटी डॉलरला घेतली आणि त्याच वर्षी चाहत्यांनी ओपनबीओएस सुरू केलं, त्याचं 2004 मध्ये हायकू झालं. पहिली अल्फा (कच्ची चाचणी आवृत्ती) 2009 ला, पहिली बीटा (पुढची चाचणी आवृत्ती) 2018 ला, पाचवी बीटा सप्टेंबर 2024 ला. एवढी वर्षं लागली म्हणून कुणी नाक मुरडू नये, ही सिस्टिम बहुतांश मुळापासून परत लिहिलेली आहे आणि ती मुख्यतः स्वयंसेवकांनी उभी केली आहे.

व्हर्च्युअल मशीन चालतं कसं तर मूळ सिस्टिम म्हणजे होस्ट, आत चालणारी म्हणजे गेस्ट, आणि मध्ये दोघांना जोडणारा प्रोग्रॅम म्हणजे हायपरवायझर. गेस्टला वाटतं आपल्याला खरा प्रोसेसर, खरी डिस्क, खरं नेटवर्क कार्ड मिळालंय. इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये यासाठी प्रोसेसरमध्येच सोय दिली, त्यामुळे गेस्टच्या बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर पळतात आणि वेग फारसा जात नाही. लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सोय बंद असेल तर आधी ती चालू करायची. विंडोजवर हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरवायझर, चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्स त्याच्याच डोक्यावर बसून चालतं, अशा वेळी खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं आणि सगळं संथ होतं, तेव्हा हायकूला शिव्या देण्याआधी ते कासव आहे का बघावं. ॲपलच्या एम सिरीजच्या मॅकवर मात्र इंटेलचा प्रोसेसर पूर्ण सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करावा लागतो, चालतं, पण रखडत.

हायकूची भूक अगदीच कमी आहे. 2 जीबी रॅम, दोन कोअर आणि 16 जीबीची डिस्क दिली की भरपूर झालं, त्याच्या बऱ्याच खालीही ती चालते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रकार 'अदर' निवडायचा, ईएफआय (बूट करायची नवी पद्धत) बंद ठेवायचं, नेटवर्क कार्ड इंटेल प्रो 1000 आणि साउंड एसी97 ठेवलं की दोन्ही निमूट चालतात. पॉइंटरसाठी यूएसबी टॅब्लेट निवडावा, म्हणजे माउस खिडकीत अडकून पडत नाही. 32 बिट आणि 64 बिट अशा दोन आवृत्त्या मिळतात, जुने बीओएसचे प्रोग्रॅम चालवून बघायचे असतील तर 32 बिटच घ्यावी लागते, 64 बिटवर ते चालत नाहीत.

नवीन माणूस अडकतो ते इन्स्टॉल करताना. आयएसओवरून (हायकूच्या इन्स्टॉल डिस्कची फाइल) बूट झालं, भाषा निवडली, इन्स्टॉलर उघडला, आणि त्यात डिस्कच दिसत नाही. कारण व्हर्च्युअल डिस्क कोरी असते, तिच्यावर फाइल सिस्टिम नसते आणि इन्स्टॉलरला बी फाइल सिस्टिमवालीच जागा हवी असते. तिथूनच ड्राइव्हसेटअप हा डिस्क तयार करायचा प्रोग्रॅम उघडायचा, कोरी डिस्क निवडायची, बी फाइल सिस्टिमने इनिशियलाइझ करायची, बंद करून मागे यायचं, आता डिस्क यादीत असते. कॉपी व्हायला काही मिनिटंच लागतात. रीस्टार्टच्या आधी आयएसओ काढून टाकायचा, नाहीतर परत तोच बूट होतो आणि इन्स्टॉल झालंच नाही असं वाटतं.

बोटांच्या सवयीही जरा मोडाव्या लागतात. कॉपी-पेस्टसाठी कंट्रोल नाही तर ऑल्ट दाबायचं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटला हायकूत टीम मॉनिटर (अडकलेले प्रोग्रॅम बंद करायची खिडकी) उघडतो, पण ते दाबलं की विंडोजचीच लॉक आणि टास्क मॅनेजरची स्क्रीन समोर येते, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवा कंट्रोल आणि डिलीट दाबायचं.

आत गेल्यावर बघायची गोष्ट म्हणजे फाइल सिस्टिम. पिवळ्या टॅबच्या खिडक्या छान दिसतात, पण खरा जीव बीएफएसमध्ये, म्हणजे बी फाइल सिस्टिममध्ये, आहे. इथे प्रत्येक फाइलला ॲट्रिब्यूट (माहितीची लेबलं) लावता येतात आणि त्यांवर डेटाबेससारखी क्वेरी मारता येते. प्रत्येक ईमेल ही एक साधी फाइल असते, पाठवणारा, विषय, तारीख हे तिचे ॲट्रिब्यूट, त्यामुळे अमुक माणसाच्या या महिन्यातल्या मेल शोधायला मेलचा प्रोग्रॅम उघडावाच लागत नाही, ट्रॅकर या फाइल मॅनेजरच्या फाइंडमध्ये अट टाकली की यादी येते, आणि ती खिडकी उघडी ठेवली तर नवीन मेल आल्यावर तीही आपोआप त्यात येऊन बसते. स्वतःचा ॲट्रिब्यूट करायचा तर आधी इंडेक्स (शोधासाठीची सूची) बनवायचा आणि मग फाइली भरायच्या, कारण इंडेक्सच्या आधीच्या फाइली त्यात आपोआप येत नाहीत, ही बारीक गोष्ट कळेपर्यंत माणूस क्वेरी चुकली म्हणून डोकं खाजवत बसतो.

पॅकेजचा प्रकारही तितकाच सुंदर. प्रोग्रॅमचं पॅकेज इथे उलगडून डिस्कवर पसरलं जात नाही, ती फाइल तशीच ठेवून माउंट होते, सिस्टिमचा फोल्डर फक्त वाचता येतो, आणि एखादं अपडेट बिघडलं तर बूट होताना शिफ्ट दाबून बूटलोडरच्या मेनूत आधीची पॅकेजची अवस्था निवडता येते. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची साठवलेली प्रत) वेगळा, तो अख्खी डिस्क मागे नेतो. प्रयोग करायचा असेल तर दोन्ही वापरावेत, आणि बूटलोडरचा उपाय आधी करून बघावा, कारण त्यात तुमच्या स्वतःच्या फाइली जागच्या जागी राहतात.

फाइली आत आणायला सोपी युक्ती आहे. होस्टवर पायथॉनचा छोटा वेब सर्व्हर चालू करायचा आणि हायकूच्या वेबपॉझिटिव्ह ब्राउझरमध्ये 10.0.2.2 आणि पोर्ट टाकायचा, व्हर्च्युअलबॉक्स आणि क्यूईएमयूच्या नॅट नेटवर्कमध्ये (गेस्ट होस्टच्या मार्फत इंटरनेटला जोडला जातो ते) होस्टचा पत्ता सहसा हाच असतो. बाहेर नेताना मात्र फाइल आधी हायकूतच झिप करायची, नाहीतर दुसऱ्या फाइल सिस्टिमवर ॲट्रिब्यूट गळून पडतात.

व्हर्च्युअल मशीनमध्ये सगळंच कळतं असं नाही. तुमच्या लॅपटॉपचं वायफाय, टचपॅड, झोपवून परत उठवणं यातलं काय चालेल हे आत बसून कळत नाही, त्यासाठी पेनड्राइव्हवरूनच बूट करून बघावं लागतं, आणि तोच आयएसओ पेनड्राइव्हवरही चालतो. ग्राफिक्स दोन्हीकडे सॉफ्टवेअरनेच होतं त्यामुळे तिथे फारसा फरक नाही. मराठी माणसाला सगळ्यात जास्त खुपेल ती देवनागरी: हायकूच्या स्वतःच्या ॲप्समध्ये अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं जुळत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, कारण सिस्टिमचा मजकूर काढणारा भाग अक्षरांची जुळणी करत नाही. क्यूटी (प्रोग्रॅम बांधायचं वेगळं टूलकिट) वापरून बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये ही जुळणी होते, म्हणून मराठी लिहायचं-वाचायचं असेल तर हायकूडेपो या हायकूच्या ॲप स्टोअरमधून तसा एखादा एडिटर टाकून घ्यावा.