खिडकी ओढून मोठी करू नये

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील एका जुन्या घराच्या दुरुस्तीचे नकाशे करताना आमच्या कार्यालयात एक चूक झाली आणि ती सुताराने पकडली. सोप्याला तीन फुटांची, गज बसवलेली सागवानी खिडकी होती आणि घरमालकांना तशीच दुसरी पाच फुटांची हवी होती. संगणकावरच्या लायब्ररीत तीन फुटी खिडकीचा ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारी आकृती, तयार होता; तो आडवा ओढून पाच फुटांचा केला आणि कागद कामावर पाठवला. सुताराने त्यावर पट्टी धरली आणि विचारले, ‘‘साहेब, चौकट पाच इंची घालायची काय? आणि गज एवढे लांब लांब?’’

त्याचे म्हणणे रास्त होते. मूळ खिडकीची चौकट दोन्ही बाजूंना 3 इंच, मधला गाळा 30 इंच आणि त्यात 7 गज, म्हणजे एका गजाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पावणेचार इंच. ब्लॉक आडवा ओढला की त्यातील प्रत्येक आडवे माप त्याच पटीत वाढते. त्यामुळे चौकट 5 इंचांची झाली, गजांमधील अंतर सव्वासहा इंचांवर गेले आणि गोल गज नकाशात लंबगोल दिसू लागले. लहान मूल डोके घालील एवढी फट त्या कागदावर आम्हीच काढून ठेवली होती.

ब्लॉकची कल्पना संगणकीय आरेखनाइतकीच जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘स्केचपॅड’ ही संगणकावर चित्रे काढण्याची प्रणाली सादर केली, तेव्हाच त्यात एक मूळ आकृती आणि तिच्या अनेक प्रती अशी सोय होती. आजही तत्त्व तेच आहे. घराला 20 खिडक्या असल्या तरी खिडकीची आकृती फाइलमध्ये एकदाच साठवली जाते आणि प्रत्येक प्रतीपुरती जागा, कोन व पट एवढीच नोंद राहते. म्हणून फाइल हलकी राहते आणि मूळ आकृती दुरुस्त केली की विसाच्या वीस खिडक्या एकदम दुरुस्त होतात. घाईघाईने प्रत ‘एक्सप्लोड’ करणारा, म्हणजे ती फोडून सुट्या रेघा करणारा, हा धागाच तोडून टाकतो, आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याला हाताने करावी लागते.

परंतु साध्या ब्लॉकला आपण खिडकी आहोत हे ठाऊक नसते. नकाशे काढण्याच्या प्रणालींपैकी रेव्हिटमधील ‘फॅमिली’, आर्किकॅडमधील जीडीएल या तिच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेला ऑब्जेक्ट किंवा ऑटोकॅडचा डायनॅमिक ब्लॉक यांत रेघांच्या जोडीला नियमही साठवता येतात. आमच्या खिडकीचे नियम अगदी थोडे निघाले: चौकट कायम 3 इंच, गाळा म्हणजे एकूण रुंदी वजा 6 इंच, आणि गजांमधील अंतर 4 इंचांपेक्षा जास्त नको. रुंदी 60 इंच दिली की गाळा 54 इंच होतो. त्याला 4 ने भागून वरचा पूर्णांक घेतला की 14 भाग आणि 13 गज येतात. आता अंतर चार इंचांच्या किंचित आत राहते, आणि गजांची संख्या आपोआप लोखंडाच्या यादीत जाते. सुताराच्या डोक्यात हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तो लिहून ठेवणे हेच आमचे काम होते.

तयार मिळणाऱ्या लायब्ऱ्यांवर विसंबून भागत नाही, असे माझे ठाम मत या कामातून झाले. त्यांत सोप्याचा कट्टा नसतो, तुळशीवृंदावन नसते, आणि दारे बहुधा पातळ भिंती गृहीत धरून केलेली असतात. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीत तसे दार बसवले तर चौकट भिंतीच्या कोणत्या तोंडाला येणार, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून आमच्या दाराला ते अंतर वेगळे विचारणारा एक रकाना ठेवला आहे.

एककांचीही काळजी घ्यावी लागते. आमच्याकडे गवंडी फूट-इंचात आणि सुतार सुतात बोलतो, तर नकाशा पुष्कळदा मिलिमीटरमध्ये असतो. इंचात काढलेल्या ब्लॉकवर एककाची नोंद नसेल, तर सात फुटी दार मिलिमीटरच्या नकाशात अवघे 84 मिलिमीटरचे, बोटाएवढे उतरते. असायला हवे ते 2133.6. त्याचप्रमाणे ब्लॉकमधील रेघा ‘0’ या लेयरवर (नकाशाच्या थरावर) काढाव्यात आणि रंग लेयरवर सोडावा, म्हणजे ब्लॉक ज्या लेयरवर बसेल तिथला रंग तो घेतो. ब्लॉक उचलण्याचा बिंदू चौकटीच्या कोपऱ्यावर असावा. तो दूर कुठेतरी राहिला तर प्रत्येक वेळी खिडकी हाताने सरकवत आणावी लागते.

नावांचा प्रश्न बेळगावात जरा निराळा आहे. घरमालक ‘दार’ म्हणतात, काम करणारा गडी पुष्कळदा ‘बागिलु’ म्हणतो आणि नकाशावर इंग्रजी शब्द असतो. शिवाय एकाने ‘तुळशी’ आणि दुसऱ्याने ‘तुळसी’ लिहिले की शोधताना वस्तू सापडत नाही, आणि तीच पुन्हा नव्याने काढली जाते. म्हणून फाइलच्या नावात आधी प्रकार, मग साहित्य, मग रचना असा एकच क्रम ठरवला, आणि मराठी, कन्नड व इंग्रजी नावांसाठी प्रत्येक वस्तूत तीन रकाने ठेवले. कामावर जाणाऱ्या कागदावर वाचणाऱ्याच्या भाषेतले नाव छापता येते.

सध्या उंबऱ्यावर काम चालू आहे. जुन्या घरांतून आम्ही उंबऱ्यांची उंची मोजून आणतो, पण अंगणाकडची आणि सोप्याकडची उंची सारखी नसते, कारण दोन्हीकडच्या जमिनीची पातळीच वेगळी असते. तेव्हा हा एक घटक भिंतीला बांधायचा की जमिनीला, हे अजून ठरायचे आहे.