साखर, उष्मांक आणि लठ्ठपणा

शरीर खर्च करते त्याहून जास्त ऊर्जा दीर्घकाळ अन्नातून मिळत राहिली, की उरलेली ऊर्जा मेदाच्या रूपात साठते व लठ्ठपणा येतो. साखरेतून ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात (बोलण्यात हिलाच नुसती कॅलरी म्हणतात). पिष्टमय पदार्थ व प्रथिनांतूनही तेवढ्याच, तर तेला-तुपातून ९. एवढाच हिशेब पाहिला तर साखरेला वेगळा दोष देण्याचे कारण दिसत नाही. ती वजन वाढवते तीही उष्मांकांच्याच वाटेने. पण हे उष्मांक भुकेला न कळता पोटात जातात, आणि साखरेचा खरा धोका तिथे आहे.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या. बाकीच्या खाण्यावर बंधन न घालता फक्त साखर कमी केलेल्या प्रौढांचे वजन सरासरी ०.८ किलोने उतरले. साखर वाढवलेल्यांचे जवळजवळ तितकेच चढले. मात्र साखर काढून तेवढ्याच उष्मांकांची दुसरी कर्बोदके दिली, तेव्हा वजनात फरक पडला नाही.

भुकेची ही फसगत पेयांत सर्वांत जास्त होते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या प्रयोगात १५ जणांनी रोज ४५० किलोकॅलरींची साखर चार आठवडे चघळायच्या गोड गोळ्यांतून आणि चार आठवडे गोड सोड्यातून घेतली. गोळ्यांच्या काळात त्यांचे इतर खाणे आपोआप कमी झाले. सोड्याच्या काळात झाले नाही आणि वजन वाढले. १५ जणांवरून मोठे अनुमान काढता येत नाही, पण नेदरलँड्समधील चाचणीनेही तीच दिशा दाखवली. तिथे ६४१ मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटर पेयाचा डबा मिळे. निम्म्यांना साखरेचा (१०४ किलोकॅलरी), निम्म्यांना बिनसाखरेचा. कोणता डबा कोणाला, हे मुलांना सांगितले नव्हते. मुले वाढत्या वयाची, त्यामुळे वजन दोन्ही गटांत वाढले, पण साखरेच्या गटात सरासरी ७.३७ किलो आणि दुसऱ्यात ६.३५ किलो. किलोभराचा हा फरक रोजच्या एका डब्याचा आहे.

साखरेतील फ्रुक्टोजवर (फळशर्करेवर) मुख्यतः यकृतात प्रक्रिया होते. गरजेहून जास्त उष्मांकांबरोबर ते भरपूर पोटात गेले, तर यकृतात मेद साचतो.

सगळा दोष साखरेच्या माथी मारणेही चूक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात २० जणांसमोर दोन प्रकारचा आहार ठेवला: एक अतिप्रक्रिया केलेला, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या तयार पदार्थांचा, दुसरा फारशी प्रक्रिया न केलेला. समोर ठेवलेल्या अन्नात उष्मांक, साखर, मेद, तंतू सारखेच, खायचे मात्र हवे तेवढे. तरी अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात. उलट, फक्त व्यायाम व उष्मांकांच्या तोलाकडे बोट दाखवणाऱ्या एका वैज्ञानिक गटाला कोका-कोलाचा पैसा मिळत असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले आणि तो गट त्याच वर्षी गुंडाळला गेला.

भारतीयांच्या बाबतीत फक्त वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) दोघांचाही २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिक यांचा २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे लठ्ठपणाची सीमा बीएमआय २५ धरतात आणि कंबरेचा घेरही पाहतात. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे धोका मानतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त साखर एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली असावी, ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, असल्यास अधिक चांगले. यात मध आणि फळांचा रस धरला जातो, अख्खे फळ नाही. सपाट चमचाभर साखर सुमारे ४ ग्रॅम भरते. दोन चमच्यांचा चहा चार वेळा घेतला की ३२ ग्रॅम झाली. साखरेऐवजी गूळ घातल्याने उष्मांक फारसे कमी होत नाहीत, कारण गूळही मुख्यतः साखरच असतो.

मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला आणि त्यांची खरेदी घटली. ब्रिटनने २०१८ मध्ये कर १०० मिलिलिटरमधील साखरेच्या प्रमाणावर ठरवला. तो टाळण्यासाठी अनेक कंपन्यांनी पेयांतील साखरच कमी केली.