कमळातला ‘राहिलेला इन्ट्रॉन’: पार्श्वभूमी

जनुकाची आरएनए प्रत तयार होताना तिच्यातले इन्ट्रॉन, म्हणजे मधले भाग, कापले जातात आणि उरलेले एक्सॉन जोडले जातात; हे स्प्लायसिंग. कधी एखादा इन्ट्रॉन न कापता राहतो; कमळात तो खरा राहिलेला आहे की नाही, हा इथला प्रश्न. कमळाचे, म्हणजे नेलम्बो न्यूसिफेराचे, दोन जीनोम (संपूर्ण डीएनए अनुक्रम) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, दोन वेगवेगळ्या वाणांचे. एकात सुमारे २७ हजार जनुके मोजली गेली, दुसऱ्यात ३६ हजारांवर. एवढी तफावत निव्वळ वाणांमुळे पडत नाही. आखूड रीडच्या (यंत्राने वाचलेल्या अनुक्रमाच्या तुकड्यांच्या) जोडणीत लांब इन्ट्रॉनचे जनुक मधेच तुटते आणि एकाची दोन मोजली जातात. (डेटाबेसात नुसते ‘लोटस’ शोधू नये. लोटस जॅपोनिकस ही जमिनीवरची शेंगावर्गीय वनस्पती आहे, तिचेही अनुक्रम त्यात मिसळून येतात.)

खंडित, म्हणजे मधे इन्ट्रॉन असलेली, जनुके १९७७ मध्ये विषाणूत सापडली. वनस्पतींत पर्यायी स्प्लायसिंगचे, म्हणजे एकाच जनुकातून वेगवेगळ्या आरएनए प्रती होण्याचे, उदाहरण म्हणून १९८९ मध्ये पालकाच्या रुबिस्को ॲक्टिव्हेजचे जनुक पुढे आले. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नमुना-वनस्पतीत इन्ट्रॉन असलेल्या जनुकांपैकी सुमारे ६१ टक्के जनुकांत पर्यायी स्प्लायसिंग होते, हे २०१२ पर्यंत दिसले. कमळात हे काम खरे उभे राहिले ते लांब रीड आल्यावर, कारण एक रीड म्हणजे एक अख्खा ट्रान्स्क्रिप्ट (जनुकाची आरएनए प्रत).

खरा वाद इन्ट्रॉन रिटेन्शन या शब्दाचा आहे. प्राण्यांत एक्सॉन गाळला जाणे जास्त आढळते, वनस्पतींत इन्ट्रॉन राहून जाणे. पण तक्त्यात ‘राहिलेला’ म्हणून नोंदलेला इन्ट्रॉन तीन गोष्टींपैकी कोणतीही असू शकतो: खरा आयसोफॉर्म (जनुकाची पर्यायी पक्की प्रत), अजून स्प्लायसिंग न झालेला पूर्व-आरएनए, किंवा नमुन्यात उरलेला डीएनए. या तिन्हींना एकच नाव देणे चूक आहे, आणि ती चूक अजून होते.

कमळाच्या पानात व कंदात पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर. ते आरएनए काढताना आड येतात. म्हणून २ टक्के सीटॅब (एक डिटर्जंट), २ टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारे), ६५ अंशांचा बफर. मग लिथियम क्लोराइड अंतिम २ ते २.५ मोलर करून ४ अंशांवर रात्रभर ठेवायचे. त्यात आरएनए तळाशी बसतो आणि बराच डीएनए द्रावणात मागे राहतो, सगळा नाही. डीनेझ (डीएनए तोडणारे विकर) टाळले की प्रत्येक इन्ट्रॉनवर थोडे थोडे रीड पसरतात आणि सॉफ्टवेअर त्यालाच रिटेन्शन म्हणते. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेल्या नळीतही पीसीआरची पट्टी आली, तर तो डीएनएच.

ऑलिगो-डीटी प्रायमरचाही (आरएनएच्या ए-शेपटीला चिकटून तिथून डीएनए प्रत सुरू करणाऱ्या तुकड्याचाही) सापळा आहे. इन्ट्रॉनमध्ये सलग ए आले की तो तिथेच चिकटतो, आणि ट्रान्स्क्रिप्ट इन्ट्रॉनमध्येच संपल्यासारखा दिसतो. म्हणून इन्ट्रॉनच्या दोन्ही सीमा ओलांडणारे रीड हवेत, पूर्ण लांबीभर कव्हरेज (रीडची व्याप्ती) हवे, आणि त्याच रेणूतले बाकीचे इन्ट्रॉन कापलेले हवेत. ही शेवटची अट फक्त लांब रीडवरच तपासता येते.

एवढे करूनही पूर्व-आरएनएची शंका उरतेच. केंद्रक आणि पेशीद्रव वेगळे करून दोन्हींतला आरएनए मोजला, तर इन्ट्रॉनसकट रेणू केंद्रकातच अडकला आहे की बाहेर आला आहे, हे कळते. बाहेर येऊन अकाली थांबा-कोडॉनमुळे (प्रथिन मधेच थांबवणाऱ्या खुणेमुळे) नष्ट होत असेल, तर प्रथिननिर्मिती आणि तिच्याबरोबर हा नाशही रोखणारे सायक्लोहेक्सिमाइड दिल्यावर त्याचे प्रमाण वाढते.