रिफायनरी पाडली, तेल राहिलं

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या दक्षिण भागात, स्कूकिल नदीकाठच्या रिफायनरीत, २१ जून २०१९ च्या पहाटे एका पाइपचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोडतुकडा, फुटला. १९७३ च्या सुमारास बसवलेला हा पोलादी तुकडा गंजून गंजून जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचा उरला होता. त्याच्या पोलादात तांबं आणि निकेल जास्त होतं, आणि अशा पोलादाला तिथे वापरलं जाणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल लवकर खातं. दोन्ही बाजूंच्या पाइपांची जाडी वेळोवेळी मोजली जायची, नेमका हाच एल्बो कधी मोजला नव्हता. पाठोपाठ झालेल्या स्फोटांत सुमारे १७ टनांचा लोखंडी तुकडा उडून नदीपलीकडे पडला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. पण दिवसाला ३,३५,००० बॅरल तेल शुद्ध करू शकणारी ही रिफायनरी त्यानंतर सुरू झालीच नाही.

२०२० मध्ये हिल्को नावाच्या कंपनीने गोदामं आणि प्रयोगशाळा उभारण्यासाठी ही सुमारे १,३०० एकर जमीन विकत घेतली. आधी टाक्या, मनोरे आणि जवळजवळ १,५०० किलोमीटर लांबीचे पाइप काढायचे होते. त्यांतल्या कित्येकांवर अ‍ॅस्बेस्टॉस या घातक तंतुमय खनिजाचं वेष्टन होतं. काम अवाढव्य, तरी सोपं म्हणायचं, कारण जे काढायचं ते डोळ्यांना दिसत होतं.

या जागेवर तेल साठवायला सुरुवात झाली १८६६ मध्ये. मुंबईत ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्या १९५४-५५ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा फिलाडेल्फियाच्या या जमिनीत तेल मुरायला लागून नव्वदएक वर्षं होत आली होती. त्यासाठी मोठा अपघात लागत नाही. टाकीचा गळका तळ, सैल व्हॉल्व्ह, टँकर भरताना सांडलेलं तेल, एवढंही दीडशे वर्षांत पुष्कळ होतं.

सांडलेलं तेल भूजलापर्यंत उतरतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे तिथेच थबकतं. मग विहीर खणायची आणि वरचं तेल उपसून घ्यायचं, असं कुणालाही वाटेल. पण जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल वाळूच्या कणांमधल्या बारीक फटींत, पाणी आणि हवेच्या सोबतीने अडकलेलं असतं. त्यात स्कूकिल इथे भरती-ओहोटीची नदी आहे. काठालगतचं भूजल वरखाली होतं आणि तेलही स्वतःबरोबर वरखाली नेतं. दर फेरीत थोडं तेल फटींमध्ये मागे राहतं. पणतीतलं तेल ओतून टाकलं तरी माती तेलकटच राहते, तसं हे तेल पंपाला दाद देत नाही. विहिरींतून सुरुवातीला भरपूर तेल येतं, मग कमी होत होत नुसता तवंग येतो. याचा अर्थ तेल संपलं असा नव्हे. जे वाहू शकत होतं, तेवढंच बाहेर आलं.

उरलेल्या तेलातून बेंझिन पाण्यात उतरत राहतं. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरला ५ मायक्रोग्रॅम एवढीच त्याची मर्यादा आहे. म्हणजे एक ग्रॅम बेंझिन दोन लाख लिटर पाणी मर्यादेवर आणून ठेवतं.

पंप थकले तरी एक यंत्रणा चालू राहते. मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ १९७९ मध्ये पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. उपसून, खणून, जाळूनही लाखो लिटर तेल जमिनीतच उरलं. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे शास्त्रज्ञ तिथे ठाण मांडून आहेत. मातीतले जिवाणू हे तेल खातात, असं त्यांना दिसलं. आधी ते ऑक्सिजन वापरतात. तो संपला की मातीतल्या लोहसंयुगांवर काम भागवतात, आणि तेही सरलं की मिथेन तयार करत तेलाचे रेणू तोडतात. त्यामुळे विरघळलेलं बेंझिन फार दूर पसरण्याआधीच फस्त होतं. मात्र हा कारभार दशकांच्या हिशेबाने चालतो. ‘निसर्ग करेल साफ’ हे वाक्य कंपन्यांना फार आवडतं, म्हणून ते कोण म्हणतंय आणि त्यामागे किती वर्षांची मोजमापं आहेत, हे पाहिलेलं बरं.

शिशापुढे तर जिवाणूंचंही काही चालत नाही. ते मूलद्रव्य आहे, तुटत नाही. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायचे त्या काळात टाक्यांच्या तळाचा शिसेयुक्त गाळ रिफायनरीच्याच आवारात पुरून टाकायची सर्रास पद्धत होती. ती माती एकतर उचलून न्यायची, नाहीतर झाकायची. किती शिसं चालेल, हे जागेच्या वापरावरून ठरतं. पेन्सिल्व्हेनियात बिगरनिवासी जागेसाठी किलोला १,००० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा असताना जुनी मालक सुनोको कंपनीने याच जागेसाठी २,२४० ची मर्यादा मंजूर करून घेतली. कायद्यात तशी सोय आहे. पण कुंपणापलीकडे राहणाऱ्यांना हा आकडा टोचला, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

रिफायनरी सुनोकोकडून दुसऱ्या कंपनीकडे गेली त्या २०१२ सालापूर्वीच्या प्रदूषणाची जबाबदारी सुनोकोच्या वारस कंपनीकडे, तर वरच्या बांधकामाची नव्या मालकाकडे, अशी वाटणी आहे. अशा जागांवर स्वच्छ मातीचा थर किंवा गोदामाची फरसबंदी हेच झाकण ठरतं. वाफा आत शिरू नयेत म्हणून फरशीखाली अभेद्य पडदा आणि हवा ओढून घेणारे पाइप घालतात. घरं बांधायची नाहीत, विहीर खणायची नाही, अशा अटी जमिनीच्या कागदांवर चढतात आणि मालक बदलला तरी त्या उतरत नाहीत.